तावडे हॉटेलजवळ अडवलेली गाडी : एक डिकी, तीन माणसं, तीन कलमं

खालचं प्रकरण कुठल्या एका प्रत्यक्ष गुन्ह्याचं नाही. अंमली पदार्थांच्या खटल्यांत वारंवार येणारे पेच एकाच गाडीत बसवून ते अभ्यासासाठी रचलं आहे. कायदा, कलमं, प्रमाणं आणि न्यायनिर्णय मात्र खरे आहेत.

घटना

रात्री १० वाजून २० मिनिटांनी पोलिसांना बातमीदाराकडून कळतं, की शिरोलीकडून एक पांढरी खासगी गाडी गांजा घेऊन कोल्हापुरात शिरणार आहे. पंचगंगेचा पूल ओलांडून गाडी तावडे हॉटेलच्या चौकात येते तेव्हा ११ वाजून ४० मिनिटं झालेली असतात. गाडी थांबवली जाते. आत तिघं आहेत.

चालक ३४ वर्षांचा, गाडी त्याच्या चुलत्याच्या नावावर. डिकीत स्टेपनीच्या मागं दोन पोती, त्यांत तपकिरी चिकटपट्टीनं गुंडाळलेले ११ गठ्ठे. शेजारी बसलेल्या तरुणाच्या पँटच्या खिशात झिपची छोटी पिशवी, आत पांढरी पूड. मागच्या सीटवर २० वर्षांचा विद्यार्थी. तो सांगली फाट्यावर गाडीत बसला, असं त्याचं म्हणणं. त्याच्या सॅकमध्ये गांजाची पुडी सापडते, वजन ४० ग्रॅम.

पंचनाम्यात गठ्ठ्यांचं वजन २१ किलो ७८० ग्रॅम लिहिलं जातं आणि तिघांवर एकच कलम लावून गुन्हा दाखल होतो. इथून पुढचा सगळा गुंता या दोन गोष्टींतून निघतो. वजन कसं लिहिलं, आणि तिघांना एका दावणीला का बांधलं.

कायदा माल मोजतो

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे सगळे ज्याला एनडीपीएस म्हणतात तो कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ला लागू झाला. सुरुवातीला त्यात पुडीवाल्याला आणि ट्रकवाल्याला जवळजवळ एकच माप होतं. २००१च्या दुरुस्तीनं शिक्षा मालाच्या वजनाशी बांधली. तेव्हापासून प्रत्येक पदार्थाला दोन आकडे आहेत. खालच्या आकड्यापेक्षा कमी माल असेल तर अल्प प्रमाण, वरच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर व्यापारी प्रमाण, ज्याला कोर्टात सगळे ‘कमर्शियल’च म्हणतात. मध्ये जे उरतं ते मधलं प्रमाण.

गांजासाठी हे आकडे १ किलो आणि २० किलो आहेत. चरसला १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइनला ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनला २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. मेफेड्रोन, म्हणजे रस्त्यावरचं ‘एमडी’, २०१५मध्ये या यादीत आलं. त्याला २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम.

व्याख्येतला एक बारकावा वकीलही कधी कधी विसरतात. ‘कमर्शियल’ म्हणजे ठरलेल्या आकड्याहून जास्त. बरोबर २० किलो गांजा व्यापारी प्रमाणात बसत नाही, त्याच्यावर एक ग्रॅम गेला की बसतो. तसंच अल्प म्हणजे आकड्याहून कमी, म्हणून बरोबर १ किलो अल्प ठरत नाही.

गांजाच्या शिक्षा कलम २० मध्ये आहेत. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१४च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा सहा महिन्यांची होती. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं, दंड १ ते २ लाख. मेफेड्रोनसाठी कलम २२, पण पायऱ्या याच. ‘पर्यंत’ आणि ‘किमान’ या दोन शब्दांत केवढं अंतर आहे ते पाहा. मधल्या प्रमाणात न्यायाधीश दोन वर्षंही देऊ शकतात. व्यापारी प्रमाणात आरोपीची पहिलीच चूक असो, घरी कोणी कमावतं नसो, दहा वर्षांच्या खाली त्यांना येताच येत नाही.

आता गाडीत परत येऊ. डिकीतला माल २० किलोच्या वर ठरला तर चालक व्यापारी प्रमाणात. शेजारच्याच्या खिशातली पांढरी पूड मेफेड्रोन निघते, म्हणून तो त्याच्या मधल्या प्रमाणात. मागचा विद्यार्थी ४० ग्रॅमसह अल्प प्रमाणात. एका गाडीत तीन पायऱ्या आहेत. तिघांना कलम २०(ब)(२)(क), म्हणजे व्यापारी प्रमाणातला गांजा, आणि त्याच्या जोडीला कलम २९, म्हणजे कट आणि मदत, असं एका ओळीत लिहिलं की विद्यार्थ्याच्या डोक्यावर किमान दहा वर्षांची टांगती तलवार येते. चुकून लिहिलेल्या एका ओळीचा हा परिणाम आहे, म्हणून त्याकडे पुन्हा येऊ.

काटा

या प्रकरणाचा जीव वजनात आहे, त्यामुळे इथं घाई चालत नाही.

चिकटपट्टीचा एक गठ्ठा उघडून पाहिला तर बाहेर तपकिरी पट्टीचे चार-पाच वेढे, आत पॉलिथिन, त्याच्या आत वर्तमानपत्राचा कागद आणि मग दाबून बसवलेला माल. आपल्या प्रकरणात प्रत्येक गठ्ठा वेष्टनासकट १ किलो ९८० ग्रॅम भरतो. अकरा गठ्ठ्यांचे २१.७८० किलो. पंचनाम्यात हाच आकडा आला, पण तो वेष्टनासह की वेष्टनाविना, हे लिहिलंच नाही. रिकामं वेष्टन सरासरी १३० ग्रॅमचं निघतं. अकराचं १.४३० किलो. म्हणजे निव्वळ माल २०.३५० किलो. सीमारेषेच्या वर फक्त ३५० ग्रॅम.

काटा जवळच्या किराणा दुकानातून आणलेला, १० ग्रॅमची नोंद घेणारा. अकरा वेळा वजन केलं तर प्रत्येक वेळच्या दहा ग्रॅमप्रमाणे ११० ग्रॅमपर्यंत फरकाला जागा राहते. काट्यावरचा वैधमापन विभागाचा पडताळणी शिक्का जुना असेल तर पहिल्याच उलटतपासणीत तो निघतो. दुकानदाराला साक्षीला बोलावलं जातं आणि तो सांगतो, “काटा पोलिसांनी नेला, वजन मी केलं नाही.” एवढ्यानं खटला पडत नाही, पण ३५० ग्रॅमच्या फरकावर दहा वर्षं टांगलेली असताना काट्याबद्दलची शंका फार महाग पडते.

खिशातल्या पिशवीचं त्याहून अवघड. १० ग्रॅमची नोंद घेणाऱ्या काट्यावर ती ठेवली तर काटा शून्य दाखवील किंवा दहा. तिला सराफाचा काटा लागतो आणि मध्यरात्री गुजरीतलं कुठलंही दुकान उघडं नसतं. मग ‘अंदाजे ३ ग्रॅम’ लिहिलं जातं. मेफेड्रोनची पहिली सीमा २ ग्रॅमवर असताना ‘अंदाजे’ हा शब्द लिहिणं म्हणजे बचाव पक्षाच्या हाती आयता मुद्दा देणं. पथकाच्या पेटीत मिलिग्रॅमपर्यंत नोंद घेणारा छोटा काटा आणि त्याचं पडताळणी प्रमाणपत्र असलंच पाहिजे. आपल्या प्रकरणात नंतर नीट वजन होतं : पिशवीसह ३.२ ग्रॅम, पिशवी ०.७, निव्वळ २.५ ग्रॅम.

या २.५ ग्रॅममध्ये शुद्ध मेफेड्रोन समजा ६० टक्केच असेल, म्हणजे १.५ ग्रॅम, तर? २००८च्या ई. मायकेल राज निकालानुसार शुद्ध द्रव्य मोजायचं होतं आणि हा तरुण अल्प प्रमाणात गेला असता. २००९मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रण मोजायचं ठरवलं आणि २२ एप्रिल २०२०ला हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मायकेल राज मोडीत काढला. आज साखर मिसळलेली असो वा खडूची भुकटी, सगळी पूड मोजली जाते. म्हणून तो मधल्या प्रमाणात, दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेत.

गांजाच्या बाबतीत मात्र वाद वेगळा आहे. कायद्यातली गांजाची व्याख्या म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती वगळली आहेत. (नुसत्या पानांची भांग याच कारणानं या व्याख्येबाहेर राहते.) जाड दांड्यांचा उल्लेखच नाही. बचाव म्हणतो, दांडे, सुटी पानं आणि बिया वेगळ्या करा आणि मग मोजा. सरकार पक्ष म्हणतो, शेंड्यांबरोबरच दाबून भरलेला सगळा जिन्नस एकच माल आहे आणि मिश्रण पूर्ण मोजायचं हे हिरा सिंगनं ठरवलं. आपल्या अकरा गठ्ठ्यांत ४०० ग्रॅम जाड दांडे निघाले तर उरतात १९.९५० किलो. सीमारेषेजवळच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानं जामिनाच्या टप्प्यावर हा व्याख्येचा मुद्दा विचारात घेतलेला आहे. २२ किलो निव्वळ असते तर हा वाद कोणी फारसा उचललाही नसता.

आणखी एक गोष्ट, जी कागदावर दिसत नाही : गांजा वाळतो. ओलसर माल जप्तीच्या रात्री २०.३५० असेल आणि दंडाधिकाऱ्यांसमोरची मोजणी तीन महिन्यांनी झाली तर आकडा २० च्या खाली येऊ शकतो. मग जप्तीचं वजन खरं की मोजणीचं, यावर दोन्ही बाजूंनी दिवस जातात. उपाय एकच. पहिल्याच आठवड्यात या मोजणीसाठी अर्ज करायचा, आणि जप्तीच्या पंचनाम्यात मालाची अवस्था, म्हणजे ओलसर की सुका, हिरवट की तपकिरी, हे लिहायचं.

त्या रात्रीचे कागद

बातमी १० वाजून २० मिनिटांनी मिळाली आणि गाडी खासगी होती. हे दोन्ही मुद्दे कलम ४२ ओढून आणतात. अशी बातमी लेखी उतरवायची आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत थेट वरिष्ठाला पाठवायची. शिवाय सूर्यास्तानंतर झडती घ्यायची तर वॉरंट आणायला वेळ का नव्हता याची कारणं लिहून ठेवायची. ‘रस्ता सार्वजनिक होता, म्हणून कलम ४३’ असं पोलीस पुष्कळदा म्हणतात. पण कलम ४३ च्या स्पष्टीकरणात सार्वजनिक वाहन येतं, खासगी गाडी येत नाही. बूटा सिंग (२०२१) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नेमक्या याच कारणावर आरोपींना सोडलं. कर्नेल सिंग (२००९) या घटनापीठाच्या निकालानं थोडी सवलत दिली आहे : उशीर झाला आणि त्याचं पटणारं कारण असेल तर चालतं, पण कलम ४२ अजिबातच पाळलं नसेल तर चालत नाही. म्हणून स्टेशन डायरीतली १० वाजून २० मिनिटांची नोंद आणि वरिष्ठाच्या कार्यालयातला आवक क्रमांक हे दोन कागद गठ्ठ्यांइतकेच जपून ठेवावे लागतात.

कलम ५० अंगझडतीचं आहे. डिकी, पोती, सॅक यांना ते लागू नाही. पवन कुमार (२००५) आणि रंजन कुमार चढ्ढा (२०२३) या निकालांनंतर यात शंका उरलेली नाही. शेजारच्याच्या खिशाला मात्र ते पूर्ण लागू. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती व्हावी असा तुमचा हक्क आहे, हे त्याला सांगायलाच हवं. विजयसिंह जाडेजा (२०१०) या घटनापीठानं इथं काटेकोरपणा मागितला आहे.

चूक कुठं होते? बहुतेक ठिकाणी नोटिशीचा छापील नमुना असतो. त्यात तिघांची नावं एकाच कागदावर लिहून तीन सह्या घेतल्या जातात आणि खाली तिसरा पर्याय असतो, ‘किंवा आमच्यासमोर झडती देण्यास तयार आहात का?’ परमानंद (२०१४) प्रकरणात ही एकत्र नोटीस आणि हा तिसरा पर्याय, दोन्ही चुकीचे ठरले. प्रत्येकाला वेगळी नोटीस, त्याला समजेल अशा भाषेत, दोनच पर्याय, आणि उत्तर शक्यतो त्याच्याच अक्षरात. ही नोटीस चुकली तर शेजारच्याच्या खिशातलं मेफेड्रोन पुराव्यातून जातं. डिकीतला गांजा मात्र जात नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. एका चुकीनं सगळी गाडी सुटते, ही समजूत चुकीची आहे.

१ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करावं लागतं. यानं बरंच काही बदललं. पंच फितूर झाला तरी चित्रणात काट्यावरचा आकडा दिसतो. आणि उलटही होतं : चित्रणात सील लावलेलं दिसत नसेल तर ‘जागेवरच सील केले’ हे पंचनाम्यातलं वाक्य कोलमडतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडलेलं नसेल तर ते चित्रण पुराव्यात येत नाही.

अटकेची कारणं लेखी, मराठीत, प्रत्येकाला वेगळी द्यायची. विहान कुमार (फेब्रुवारी २०२५) निकालानुसार कारणं नीट कळवलेली नसतील तर अटकच बेकायदा ठरते आणि जामिनावरची कायद्यातली बंधनंही मग आड येत नाहीत.

नमुने

कलम ५२-अ आणि २०२२चे जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाटीचे नियम सांगतात, की नमुना दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचा. रस्त्यावर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात प्रत्येक गठ्ठ्यातून चिमूटभर घेऊन पाकीट भरायची जुनी सवय २०१६च्या मोहनलाल निकालानंच बाद केली होती. गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा, दोन प्रतींत. इतर बहुतेक पदार्थांसाठी ५ ग्रॅम. आपल्या २.५ ग्रॅमच्या पुडीतून ५-५ ग्रॅमचे दोन नमुने निघूच शकत नाहीत. तसं दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवूनच ती पुढं पाठवावी लागते.

अकरा गठ्ठे सारखे असतील आणि पदार्थ ओळखायच्या रासायनिक तपासणी संचावर प्रत्येकाचा रंग एकच आला असेल तर त्यांचा एक गट करून नमुना काढता येतो. गांजासाठी असा गट ४० गठ्ठ्यांपर्यंत चालतो. पण आधी प्रत्येक गठ्ठा स्वतंत्र तपासल्याची नोंद हवी. ती नसताना सगळ्याची चिमूट एकत्र केली तर प्रयोगशाळेचा अहवाल एवढंच सिद्ध करतो, की त्या मिश्रणात गांजा होता. अकरापैकी एका गठ्ठ्यात नुसतीच पानं नव्हती कशावरून? एक गठ्ठा म्हणजे १.८५० किलो. तो वजा झाला की उरतात १८.५ किलो आणि किमान दहा वर्षं हा शब्दच निघून जातो.

दंडाधिकाऱ्यांसमोरच्या यादीत गठ्ठा क्रमांक १ ते ११, प्रत्येकाचं वेष्टनासह वजन, वेष्टनाचं वजन, निव्वळ वजन, तपासणी संचाचा रंग, सीलची खूण आणि छायाचित्राचा क्रमांक अशा रकाने पाडलेल्या ओळी असाव्यात. ‘एकूण ११ नग’ अशी एक ओळ पुरत नाही.

नियम मोडला की आरोपी सुटतोच, असंही आता राहिलेलं नाही. भारत आंबाळे (जानेवारी २०२५) निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की कलम ५२-अ मधली त्रुटी एकटी खटला मारत नाही, बाकीचा पुरावा विश्वास ठेवण्याजोगा असेल तर शिक्षा टिकते. म्हणून बचावानंही नुसत्या या एका मुद्द्यावर विसंबून राहणं आता धोक्याचं आहे.

दिवस मोजणं

चालक व्यापारी प्रमाणात, म्हणून त्याच्या जामिनासाठी कलम ३७. सरकारी वकिलांना बोलायची संधी दिल्यावर न्यायालयाला दोन गोष्टी पटल्या पाहिजेत : आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही. पहिली अट एवढी जड आहे, की खटला लांबला तर माणूस वर्षानुवर्षं कळंब्याच्या कारागृहात कच्चा कैदी म्हणून राहतो. मोहम्मद मुस्लिम (मार्च २०२३) निकालानं या ताठरपणाला थोडी वाट काढून दिली. खटला विनाकारण रेंगाळला तर कलम ३७ असूनही जामीन देता येतो.

दोषारोपपत्राला मुदत १८० दिवस. ती एक वर्षापर्यंत वाढवता येते, पण त्यासाठी सरकारी वकिलांचा, तपास कुठपर्यंत आला आणि कोठडी का हवी हे सांगणारा अहवाल मुदतीच्या आत यायला हवा आणि आरोपीला त्याची कल्पना द्यायला हवी. तपास अधिकाऱ्याच्या पत्रावर नुसता शिक्का मारून दिलेला अहवाल पुरत नाही. आणि १८१व्या दिवशी सकाळी दोषारोपपत्र नसेल तर आपसूक जामिनाचा हक्क उभा राहतो, मग कलम ३७ आड येत नाही.

शेजारच्याकडे फक्त त्याचं मेफेड्रोन असेल तर १८० दिवसांची सवलत पोलिसांना नाही, आणि ६०व्या दिवसाच्या आत दोषारोपपत्र पाठवणंच सुरक्षित. इथं कलम २९ निर्णायक ठरतं. त्याच्या आणि चालकाच्या फोनचा तपशील, यूपीआयवरचे व्यवहार, आधीच्या फेऱ्यांतले एकत्र टॉवर लोकेशन यांतून कट दिसत असेल तर तोही व्यापारी प्रमाणात ओढला जातो, आणि कलम २९ ची शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच आहे. असा धागा नसेल तर नाही.

विद्यार्थ्याच्या बाबतीत धागा कुठं आहे? चालकाशी एकही कॉल नाही. सांगली फाट्यावरच्या कॅमेऱ्यात तो हात दाखवून गाडी थांबवताना दिसतो. डिकीची किल्ली त्याच्याकडे नव्हती. कलम ३५ आणि ५४ ची गृहीतकं (दोषी हेतू आणि ताब्यावरून गुन्हा धरून चालणारी) आरोपीवर ओझं टाकतात हे खरं, पण नूर आगा (२००८) निकालाप्रमाणे ताब्याची पायाभूत बाब आधी सरकार पक्षानं दाखवायची असते. गाडीत बसला होता, एवढ्यानं डिकी त्याच्या ताब्यात येत नाही. त्याच्या वकिलानं पहिल्याच रिमांडच्या दिवशी कलम २९ वर बोट ठेवायला हवं. पहिल्या दिवशी ‘पुढं बघू’ म्हणून सोडलेलं कलम दोषारोपपत्रात आपोआप येतं.

उरलेल्या ४० ग्रॅमवर कलम ३७ च्या दोन कडक अटी लागत नाहीत. तो गुन्हा जामीनपात्र आहे का, यावर मात्र मुंबई उच्च न्यायालयाची दोन मतं आहेत. २०१०मध्ये स्टीफन म्यूलर प्रकरणात होकार, २०२०मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात नकार. म्हणून पोलीस ठाण्यातच जामीन मिळेल असं घरच्यांना सांगू नये. दंडाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करावा.

वरचं न्यायालय आता जवळ आहे. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या आवारात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या जामीनअर्जांसाठी मुंबई गाठायची गरज संपली. कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयाचा आदेश हाती आल्यावर दुसऱ्याच दिवशी अर्ज तयार होऊ शकतो. खेड्यातून येणाऱ्या आई-वडिलांसाठी हा फरक फार मोठा आहे.

चौथा माणूस आणि चुलत्याची गाडी

चालक कोठडीत एक नाव सांगतो : माल मागवणारा अमुक. पोलिसांसमोरची ही कबुली पुरावा नाही. एनसीबीसारख्या (केंद्राचा अंमली पदार्थ नियंत्रण विभाग) यंत्रणांसमोर कलम ६७ खाली दिलेल्या जबाबांचंही तेच, हे तोफान सिंग (२९ ऑक्टोबर २०२०) निकालानं ठरलं. नाव ही फक्त दिशा आहे. पुढं पैसे, संदेश, गोदामाचा भाडेकरार काहीतरी हाताला लागायला हवं. पैसे सापडले की लगेच कलम २७-अ लावायचा मोह होतो, कारण त्यालाही किमान दहा वर्षं. पण ते कलम बेकायदा व्यापाराला भांडवल पुरवण्याचं आहे. कोणाच्या सेवनासाठी पुडीचे पैसे देणं म्हणजे व्यापाराला भांडवल पुरवणं नव्हे, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०२०मध्ये स्पष्ट केलं.

चुलत्यानं गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला चालू असताना तात्पुरत्या ताब्यात, मागितली तर? कलम ६० नुसार गाडी सरकारजमा होऊ शकते, मालकानं हे दाखवलं नाही तर : वापर त्याच्या नकळत झाला आणि त्यानं वाजवी काळजी घेतली होती. खटला संपेपर्यंत ती ठाण्याच्या आवारात गंजत ठेवलीच पाहिजे असं मात्र कायदा म्हणत नाही. बिश्वजित डे (जानेवारी २०२५) निकालानंतर तात्पुरता ताबा देण्यातली आडकाठी कमी झाली. आरसी, विमा, हप्त्याचे कागद आणि ‘गाडी पुतण्याला का दिली होती’ याचं सरळ प्रतिज्ञापत्र एवढ्यावर अर्ज उभा राहतो.

शिक्षेचा हिशेब

सगळं सिद्ध झालं तर चालकाला किमान दहा वर्षं आणि किमान एक लाख दंड. कोठडीतले दिवस वजा होतात, पण कलम ३२-अ मुळं शासनाची माफी किंवा सूट मिळत नाही. इतर कैद्यांसारखे दिवस कमी होतील या आशेवर कुटुंबानं बेत आखू नयेत. आधीची शिक्षा झालेली असेल तर कलम ३१ खाली किमान आणि कमाल दोन्ही दीडपट. शेजारच्याला, कट सिद्ध झाला नाही तर, दहा वर्षांपर्यंत, किमान काहीच नाही.

विद्यार्थ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० वर्षांचा, पहिलाच गुन्हा, म्हणून परिविक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडतील असं सगळ्यांना वाटतं. कलम ३३ ती वाट बंद करतं. १८ वर्षांखालचा आरोपी किंवा कलम २६, २७ चा गुन्हा सोडला तर परिविक्षा अधिनियम इथं चालत नाही, आणि त्याच्यावरचं कलम आहे २०. दुसऱ्या दोन वाटा उघड्या आहेत. दोषी ठरल्यावर कलम ३९ : अल्प प्रमाणातल्या व्यसनी आरोपीला न्यायालय बंधपत्रावर उपचारांसाठी सोडू शकतं. आणि त्याआधीच कलम ६४-अ : व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटलाच चालवायचा नाही.

दोन्हींत शब्द ‘व्यसनी’ आहे. मित्रांबरोबर दोनदा ओढणारा त्यात बसत नाही. डॉक्टरांच्या कागदात अवलंबित्वाचं निदान, किती काळापासून, उपचारांचा आराखडा आणि दाखल झाल्याची तारीख हवी. ‘समुपदेशन केले’ एवढ्या एका ओळीचं पत्र न्यायालयात टिकत नाही. ते निदान खरं असेल तरच हा अर्ज करावा, कारण उपचार पूर्ण केले नाहीत तर मिळालेलं संरक्षण काढून घेता येतं, आणि ४० ग्रॅमचा तो खटला जिथं थांबला होता तिथून पुन्हा सुरू होतो.